तीस फुटांवरचा हात

मी अकरा वर्षं जेट विमानं उतरवली आणि एकदाही कुणाच्या कपातली कॉफी सांडली नाही. ही बढाई आहे, पण खरी आहे. मग आमची कंपनी बंद पडली, मी दीड वर्ष घरी बसलो, आणि सत्तेचाळीसाव्या वर्षी मला नोकरी देऊ केली ती पंख्यांची विमानं चालवणाऱ्या एका लहानशा कंपनीने. अट एकच होती. सिम्युलेटरवर त्यांचं विमान शिकायचं आणि परीक्षेत नीट उतरवून दाखवायचं. नापास झालो तर पुन्हा संधी नाही. माझ्या वयाच्या माणसावर दोनदा वेळ घालवायची त्यांची तयारी नव्हती, आणि पत्रात त्यांनी तसं सरळ लिहिलं होतं.

विमान सत्तर जणांचं. लांबलचक, किरकोळ अंगाचं, शेपूट जमिनीच्या फार जवळ, आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा पात्यांचा एकेक अवाढव्य पंखा. जेट उतरवताना जमीन तीस फुटांवर आली की मधले दोन दांडे मागे ओढून इंजिनांची ताकद काढून घ्यायची, नाक जरासं उचलायचं, की विमान तरंगत जाऊन टेकतं. या विमानात तीस फुटांवर दांडे मागे ओढले तर पाती हवेला आडवी होतात, ब्रेक लावल्यासारखं होतं आणि विमान धप्पकन खाली येतं. घाबरून नाक वर ओढावं, तर मागे शेपूट धावपट्टीवर घासतं. म्हणून चाकं टेकेपर्यंत थोडी ताकद ठेवायची. सांगायला एक वाक्य पुरतं. शिकताना माझ्या नाकी नऊ आले.

सिम्युलेटर एका गोदामाला लागून असलेल्या उंच हॉलमध्ये होता. सहा पायांवर उभी असलेली पांढरी खोली, आत खरीखुरी कॉकपिट, समोर पडद्यावर धावपट्टी. शेपूट घासलं की पडदा लालभडक व्हायचा आणि सगळं जागच्या जागी थांबायचं. शिकवायला होते ते सगळ्यांचे मास्तर. वय अडुसष्ट, एसीमुळे बारा महिने स्वेटर, आणि आयुष्यात कधी जेट चालवलं नाही याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

माझ्या जोडीला उजव्या सीटवर एक चोवीस वर्षांची मुलगी होती. ती शिकून बाहेर पडली ती थेट याच विमानावर आली होती. पहिल्याच दिवशी ती मला काका म्हणाली. मी तिला सांगितलं, की कामाच्या ठिकाणी कॅप्टन म्हणतात, निदान सर तरी. ती म्हणाली, "हो काका." नंतर मी तो नाद सोडला. तिने पहिल्या दिवशी पाच वेळा विमान उतरवलं आणि पाचही वेळा व्यवस्थित. तिला विसरायचं काहीच नव्हतं.

पहिल्या दोन दिवसांत मी एकोणीस वेळा उतरलो. अकरा वेळा पडदा लाल झाला.

"काय चुकतंय ते कळतंय का तुम्हाला?" मास्तरांनी विचारलं.

"कळतंय. हात ऐकत नाही."

"मग तो कुणाचं ऐकतो?"

तो त्या आवाजाचं ऐकत होता. विमान खाली येताना यंत्रातला एक आवाज उंची मोजतो : पन्नास, चाळीस, तीस, वीस, दहा. अकरा वर्षं मी 'तीस' ऐकलं की दांडे मागे घेतले होते. आता डोक्याला नवीन नियम पाठ होता आणि हात जुन्या नोकरीवरच होता. घरी जेवताना लेकीने गणितात ऐंशीपैकी तीस मार्क पडल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या हातातला पाण्याचा ग्लास आपोआप माझ्याकडे सरकला आणि अर्धा मांडीवर सांडला. लेकीला वाटलं, मार्क ऐकून मला धक्का बसला. ती रडवेली झाली. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, तीस म्हणजे पासच की हो." बायकोने तेवढं फडकं पुढे केलं. तिला सगळं ठाऊक होतं, आणि दीड वर्ष एकटीच्या पगारावर घर ओढून ती थकली होती.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी शेवटचा उपाय काढला. त्यांनी मुलीला सांगितलं, "तुझी डावी मूठ दांड्यांच्या मागे ठेव. काकांचा हात आला की अडव. हलू नकोस, बोलूही नकोस."

मला हा उपाय अपमानाचा वाटला. पोरगी माझ्या मुलीपेक्षा फार तर नऊ-दहा वर्षांनी मोठी, आणि मला दुडूदुडू चालणाऱ्या पोरासारखं धरून ठेवणार. पण पर्याय नव्हता. तीस म्हटलं की माझा हात निघायचा, तिच्या हाडकुळ्या मुठीवर आदळायचा, थांबायचा. विमान ताकद ठेवून सरळ खाली जायचं आणि चाकं टेकायची. दोन दिवसांत असं बत्तीस वेळा झालं. तिच्या बोटांच्या पेरांवर माझा हात आपटून आपटून लाली आली होती. ती एकदाही कुरकुरली नाही. फक्त एकदा म्हणाली, "काका, अंगठी काढून ठेवता का?"

शेवटच्या दुपारी मास्तरांनी तिला मूठ काढायला लावली. सहापैकी चार वेळा मी नीट उतरलो, दोनदा पडदा लाल. मास्तरांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या आणि आम्हा दोघांकडे पाहिलं.

"उद्या परीक्षेत कुणी कुणाला हात लावायचा नाही. लावला तर दोघंही नापास. लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाहेरून आले. उंच माणूस, बोलणं मोजकं, हातात पॅड. ते आमच्या मागच्या सीटवर बसले. आधी मुलीची परीक्षा झाली. चारही वेळा तिने विमान कसलाही गाजावाजा न करता खाली ठेवलं. मग माझी पाळी. पहिलं ठीक. दुसरं ठीक. तिसरं जरा कडक, पण ठीक. चौथ्याला परीक्षकांनी आडवा वारा लावला.

विमान तिरकं खाली येत होतं आणि मी पायाने ते सरळ करत होतो. सगळं लक्ष तिकडे लागलेलं. पन्नास. चाळीस. तीस. आणि हात निघाला. निघालाय हे मला कळलं, पण थांबवायला वेळ नव्हता. शेपूट, लाल पडदा, बायकोला करायचा फोन, एवढं सगळं डोळ्यांसमोर येऊन गेलं. मग माझ्या हाताला पेरं लागली. हात थांबला. चाकं टेकली. त्यानंतर मी दांडे मागे घेतले आणि विमान थांबवलं.

"छान," परीक्षक मागून म्हणाले. "आटपा, बाहेर बसू."

शेजारच्या खोलीत एक टेबल आणि चार खुर्च्या होत्या. परीक्षकांनी दोन कागद भरले. तिचा तिच्यासमोर ठेवला, माझा माझ्यासमोर, आणि वर पेन. मुलीने सही केली. मी पेन उचललं आणि तसाच बसलो.

खरं सांगायचं तर मला गप्प बसायचं होतं. सही केली की फोन करायचा होता. पण परीक्षेतली मूठ मला विमानात कुणी देणार नव्हतं. मागे सत्तर माणसं असतील, बाजूला कुणीतरी वेगळंच बसलेलं असेल आणि तीस फुटांवर हात निघेल. शिवाय मला स्वतःचाच राग आला होता. अकरा वर्षं मी कुणाच्या आधाराने उतरलो नव्हतो. मी बोललो तर ही पोरगीही नापास होणार होती, हेही मला माहीत होतं. ती तरुण आहे, तिला पुन्हा बोलावतील, असं मी मनाशी म्हटलं. कुणाच्या जिवावर आपण प्रामाणिक होतोय, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

"चौथं लँडिंग माझं नव्हतं," मी म्हणालो. "हिने दांड्यांमागे मूठ ठेवली होती. माझा हात तिच्यावर अडला."

परीक्षकांनी पॅड खाली ठेवलं. "मागून मला दिसलं नाही. तिचा खांदा मध्ये येतो." ते तिच्याकडे वळले. "खरं आहे?"

तिचा चेहरा उतरला होता. "नाही सर. मी हात लावला नाही."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो. "माझ्यासाठी तर नकोच. मला लागली ना तुझी बोटं."

"मी हात लावला नाही," ती पुन्हा म्हणाली. या वेळी माझ्याकडे बघून.

परीक्षकांनी दोन्ही कागद पुन्हा आपल्याकडे ओढले. मग उठले. "तिने इथेच थांबावं. तुम्ही चला. तोच वारा, तेच लँडिंग. उजवीकडे मी बसतो. नीट उतरलात तर पाहू. नाही तर दोन्ही कागद फाडतो."

मी डाव्या सीटवर बसलो. परीक्षक उजव्या सीटवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पॅड छातीशी धरलं. विमान पुन्हा तिरकं खाली येऊ लागलं. आता मागे कुणाची मूठ नव्हती, हे माझ्या हाताला मी चार वेळा सांगितलं असेल. माझी पाचावर धारण बसली होती. पन्नास. चाळीस.

तीस.

हात निघाला. आणि पेरांवर अडला. तीच हाडं, तोच स्पर्श, तीच जागा. चाकं टेकली. मी उजवीकडे पाहिलं. परीक्षकांचे दोन्ही हात पॅडवरच होते. विमान थांबल्यावर मी दांड्यांमागच्या मोकळ्या जागेत बोटं फिरवली. तिथे गार पत्र्याशिवाय काही नव्हतं.

"काय हरवलं?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. मग म्हणालो, "सर, ती खरं बोलत होती. हात माझा मीच थांबवला. दोन्ही वेळा."

"मला तेवढंच पाहायचं होतं," ते म्हणाले आणि पट्टे सोडायला लागले.

मी पास झालो. ती पास होतीच. मी तिला शोधत गेलो, तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मला खरंच वाटलं, तुझाच हात आहे."

"तुम्ही मला खोटारडी म्हणालात. परीक्षकांसमोर."

"हो."

"माझी नोकरी गेली असती, काका."

"हो."

तिने नाक पुसलं. तिचा आवाज चढला नाही, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. "दोन दिवस मूठ ठेवून ठेवून मलाही सवय लागली होती. वारा आला तेव्हा मला कळलं, तुमचा हात निघणार. माझाही निघणार होता. म्हणून मी तो मांडीखाली घेतला आणि त्यावर जोर देऊन बसले. तुम्ही नापास व्हाल असं वाटत होतं. तरी काढला नाही."

तिने डावा हात पुढे केला. हाताच्या मागच्या बाजूला सीटच्या जाड शिवणीचा वळ उमटला होता, मनगटापासून करंगळीपर्यंत, अजून लाल. मी त्याकडे बघत राहिलो. मला स्वतःची लाज वाटली, आणि तसं मी तिला सांगितलं.