पद्धत आढळून येत नाही

इस्त्रीदादा चव्वेचाळीस वर्षं आणि नऊ महिन्यांचे झाले, तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्याने संप पुकारला. बसडेपोच्या कारखान्यात ते वीस वर्षं पत्रा ठोकत होते. आपटलेल्या, धडकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचे, हे त्यांचं काम. आणि ते काम ते इतकं बेमालूम करत की आपण गाडी नेमकी कुठे घातली होती हे दुसऱ्या दिवशी खुद्द ड्रायव्हरला आठवत नसे. कपड्यावरून इस्त्री फिरावी तसा त्यांचा हात पत्र्यावरून फिरतो, म्हणून डेपोने त्यांना हे नाव दिलं. नाव दिलं, हुद्दा मात्र दिला नाही. नावाला खर्च येत नाही.

डॉक्टरांनी खांदा दोनदा हलवून पाहिला आणि सांगितलं, "हातोडी बंद करा. नाहीतर हात आपणहून बंद होईल."

आता दोनच वाटा उरल्या. एक, कारखान्यात सुपरवायझर व्हायचं. दुसरी, फाटकावरच्या मोडक्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर वहीत उतरवायचे. आधीचा खुर्चीवाला तीन वर्षांत इतका अबोल झाला होता की घरच्यांनी त्याला हाक मारली तर तो तिचीही वेळ टिपून ठेवायचा. इस्त्रीदादांना ती खुर्ची स्वप्नात दिसू लागली.

सुपरवायझरसाठी खात्याची परीक्षा होती आणि पंचेचाळिशीनंतर तिला बसता येत नव्हतं. म्हणजे ही पहिली आणि शेवटची खेप. अभ्यासक्रमात मुख्य विषय काय, तर टकरीतील संवेग आणि गतिज ऊर्जा. गाडी गाडीवर आदळली की काय होतं, हे ज्याच्या हाताला वीस वर्षं रोज कळत होतं, त्याला ते कागदावर कळतं का, हे खात्याला बघायचं होतं. अशा गोष्टी बघण्याची खात्याला फार हौस.

शिकवायला धाकटी मेव्हणी पुढे आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, दोन गल्ल्या सोडून राहायची, आणि ताईच्या नवऱ्याला अधिकृतपणे रागावण्याची संधी तिला आजवर मिळाली नव्हती. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती हजर होई.

"दाजी, लिहून घ्या. दोन किलोची गाडी सेकंदाला तीन मीटर वेगाने येतेय. समोर एक किलोची गाडी उभी आहे. धडकल्यावर दोन्ही चिकटून एकत्र जातात. वेग किती?"

"उभी आहे ती ब्रेक लावून, की न्यूट्रलमध्ये?"

"ब्रेक नाही. घर्षण नाही. रस्ता गुळगुळीत आहे."

"असा रस्ता कुठाय?"

"पुस्तकात."

"मग ठीक आहे. म्हटलं, आपल्याकडे झाला आणि मला पत्ताच नाही."

पण गडी हुशार होता. दोन गुणिले तीन, सहा. टकरीच्या आधी संवेग सहा, तर नंतरही सहाच. आता वजन तीन किलो, म्हणजे वेग दोन. मग मेव्हणीने ऊर्जा काढायला लावली. वेगाचा वर्ग, गुणिले वजन, भागिले दोन. आधी नऊ ज्यूल, नंतर सहा.

"तीन ज्यूल कमी भरले," मेव्हणी म्हणाली. "कुठे गेले असतील?" हा प्रश्न वर्गात विचारला की पोरं छताकडे बघतात, हे तिला माहीत होतं.

"पोच्यात गेले," इस्त्रीदादा वरही न बघता म्हणाले. "पत्रा वाकला त्यात गेले. थोडे आवाजात. थोडे गरम होण्यात. तार दोन-चारदा वाकवून बघ, बोटाला चटका लागतो. ते जे तीन ज्यूल गेले ना, त्यांच्यावरच आपलं घर चाललंय."

मेव्हणीला हे उत्तर इतकं आवडलं की तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात स्वतःचं म्हणून सांगितलं.

खरी अडचण आली ती लवचीक टकरीपाशी. या टकरीत गतिज ऊर्जा अजिबात कमी होत नाही, असं मेव्हणीने वाचून दाखवलं. इस्त्रीदादांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे पोचा नाही?"

"नाही."

"आवाज?"

"नाही."

"रंग तरी खरवडला असेल."

"दाजी, काहीही झालेलं नाही. दोघं धडकले आणि आपापल्या वाटेने गेले."

"मग ही टक्कर कसली? ही ओळखपाळख झाली."

"लग्नाच्या वेळी मलाही असंच सांगितलं होतं," आतून बायकोचा आवाज आला. "काही म्हणता काही नुकसान होणार नाही म्हणून."

तरीही महिन्याभरात दोन्ही प्रकारच्या टकरी त्यांच्या हातात बसल्या. उत्तरं बिनचूक येत. मेव्हणीच्या नाकी नऊ आले ते वेगळ्याच कारणाने. इस्त्रीदादा हलक्या पेन्सिलीने आकडेमोड करत, उत्तर आलं की त्याखाली रेघ ओढत, आणि मग खोडरबर घेऊन वरचं सगळं पुसून काढत. फुंकर मारून कागद स्वच्छ करत. पानाच्या मध्यावर उत्तर तेवढं उरे, नव्या रंगाच्या बससारखं लखलखीत.

"दाजी, पायऱ्या कुठायत?"

"काढल्या."

"का?"

"काम झालं ना. आम्ही पत्र्यावर खडूने खुणा करतो, पोचा निघाला की फडक्याने पुसतो. खुणा तशाच ठेवून गाडी रस्त्यावर काढली तर लोक काय म्हणतील?"

"परीक्षकाला खुणाच बघायच्या असतात."

"मग तो परीक्षक कसला? ज्या कामात काम दिसतं, ते काम कच्चं."

मेव्हणीने समजावलं, डोळे वटारले, खोडरबर लपवलं. त्यांनी दुसरं आणलं. तिने तेही लपवलं, तर ते अंगठा ओला करून पुसू लागले. "तुमच्या हातात कला आहे दाजी," ती अखेर हात टेकून म्हणाली, "पण परीक्षेच्या दिवशी तिला घरी ठेवून जा."

त्यांनी तसं वचनही दिलं. पण वचन तोंडाने दिलं होतं आणि पेपर हाताने सोडवायचा होता. दहाच्या दहा टकरी सुटल्या, अर्धा तास हातात उरला. पान पेन्सिलीने बरबटलेलं होतं. ते त्यांना बघवेना. आधी वाटलं, फक्त कडा साफ कराव्यात. मग एक प्रश्न. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा उत्तरपत्रिका अशी झाली होती की पर्यवेक्षकाने ती कोरी समजून आधी बाजूला ठेवली.

महिन्याभराने निकाल लागला. फळ्यावर इस्त्रीदादांच्या नावापुढे 'राखून ठेवला' एवढंच होतं, आणि सोबत पत्र. 'आपल्या उत्तरपत्रिकेतील सर्व उत्तरे बरोबर असून पद्धत आढळून येत नाही. ही बाब गंभीर आहे. सबब समक्ष हजर राहून खुलासा करावा.' उत्तरं चुकली असती तर खात्याला एवढी चिंता वाटली नसती. चुकीच्या उत्तरांचं काय करायचं हे ठरलेलं असतं.

परीक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत एक पंखा होता, एक कपाट होतं आणि कपाटाला टेकून एक कारकून होता. अधिकाऱ्यांनी स्वतः भौतिकशास्त्र शाळेत सोडलं होतं आणि नंतर त्याची चौकशी केली नव्हती. त्यांच्यापुढे उत्तरपत्रिका उघडी होती. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली.

"पुसलेलं दिसतंय."

"हो साहेब. काम झाल्यावर साफ केलं."

"म्हणजे पुरावा नष्ट केलात."

इस्त्रीदादांनी पत्रा, खडू, फडकं, सगळं सांगितलं. अधिकाऱ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण ते लिहून घ्यायचा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता.

"तुम्ही कोणाचं तरी बघून लिहिलंय, असा संशय आहे."

"कोणाचं साहेब?"

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने फाईल चाळली. "डावीकडच्याला अकरा गुण आहेत. उजवीकडचा आलाच नव्हता. समोरच्याची सगळी उत्तरं चुकली आहेत, पण पद्धत फार सुरेख आहे. तो पास आहे."

"मग मी बघितलं कोणाचं?"

"तेच आम्ही शोधतोय," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात सहानुभूती होती. एवढा शोध घेऊनही हाती काही लागत नाही, याचं त्यालाही वाईट वाटत होतं.

शेवटी ठरलं की इथेच, समोर बसून, एक गणित सोडवायचं. पेनाने. सुटलं नाही तर निकाल रद्द, आणि इस्त्रीदादांना आणखी नऊ दिवसांनी पंचेचाळीस पूर्ण होत होती. कारकुनाने उत्तरांच्या पुस्तिकेतून एक गणित वाचून दाखवलं. आठ हजार किलोची बस सेकंदाला दहा मीटर वेगाने चालली आहे. समोरून चार हजार किलोचा ट्रक पाच मीटर वेगाने येतो. समोरासमोर धडक होते आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. किती ऊर्जा खर्ची पडली?

इस्त्रीदादांनी पेन घेतलं. खांदा ठणकत होता आणि डोळ्यांपुढे फाटकावरची खुर्ची होती. बसचा संवेग ऐंशी हजार. ट्रकचा वीस हजार. बेरीज एक लाख. एकत्र वजन बारा हजार, म्हणजे वेग आठ आणि वर काही. टकरीआधीची ऊर्जा, बसची चार लाख, ट्रकची पन्नास हजार, मिळून साडेचार लाख. नंतरची चार लाख सोळा हजार आणि काही. खर्ची पडली तेहतीस हजार.

त्यांनी उत्तराखाली रेघ ओढायला पेन टेकवलं आणि थांबले.

तेहतीस हजार. समोरासमोर. एवढी बस, एवढा ट्रक. त्यांनी मनातल्या मनात ती बस कारखान्यात घेतली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. तेहतीस हजारांत बंपर दबेल, एक दिवा फुटेल, ड्रायव्हर खाली उतरून ट्रकवाल्याला चार शब्द ऐकवेल आणि दुपारच्या फेरीला बस पुन्हा निघेल. पण समोरासमोरच्या धडकेच्या किती गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचं तोंड उरत नाही. स्टिअरिंग सीटला येऊन भिडलेलं असतं. समोरासमोर धडकून एवढ्यावर सुटलेली बस कुठल्याच कारखान्यात येत नाही.

"साहेब, हे खोटं आहे," ते म्हणाले.

अधिकारी सावरून बसले. कबुलीजबाब येणार असं समजून त्यांनी कारकुनाला खूण केली.

"एवढाच पोचा पडणार नाही," इस्त्रीदादा कागदाकडे बघत पुटपुटले. "ट्रक उलट्या बाजूने येतोय. मी तो बसच्याच दिशेने चालवला. वजा करायचा, तो मिळवला."

हात पुसायला निघाला होता, पण शाई पुसत नाही. अंगठ्याने जेमतेम एक डाग पडला. मग त्यांनी, जन्मात पहिल्यांदा, सगळ्या ओळींवर आडवी काट मारली. त्यांना भर चौकात उघडं पडल्यासारखं वाटलं. खाली पुन्हा लिहिलं. ऐंशी हजार वजा वीस हजार, साठ हजार. वेग पाच. नंतरची ऊर्जा दीड लाख. खर्ची पडली तीन लाख.

"आता बरोबर," ते म्हणाले. "तीन लाखांत तोंड पार जातं. पुढची काच, दार, आणि खालचा सांगाडाही तपासावा लागेल. पंधरा दिवसांचं काम आहे."

कारकुनाने पुस्तिकेत पाहिलं. "तीन लाख," तो म्हणाला. "पंधरा दिवसांचं इथे दिलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी कागद ओढून घेतला. खालच्या बरोबर उत्तराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वर काट मारलेला जो भाग होता, तो ते चष्मा सारखा करून कितीतरी वेळ वाचत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला.

"ही चूक तुमचीच ना?"

"हो साहेब."

"कोणाची बघून केलेली नाही?"

"समोर बसून केली, साहेब. तुम्ही बघितलीत."

"मग झालं तर. पुस्तिकेत ही नाही. म्हणजे ही तुमच्या स्वतःच्या डोक्यातून आली." ते कारकुनाकडे वळले. "लिहा. उमेदवाराने चूक केल्याचे समक्ष पाहिले. सबब पद्धत आढळून आली. निकाल जाहीर करण्यास हरकत नाही." मग जरा थांबून त्यांनी आणखी एक ओळ सांगितली. "नीटनेटकेपणाचे दोन गुण कापावेत."

दोन कापूनही इस्त्रीदादा पास झाले. नेमणुकीचा कागद संध्याकाळी घरी आला तेव्हा मेव्हणी तिथेच होती. तिने तो दोनदा वाचला, मग सगळी हकीकत काढून घेतली, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"उणेचं चिन्ह विसरलात? मी इतके दिवस घसा फोडला तो कशासाठी?"

"ते विसरलो म्हणून तर सुपरवायझर झालो."

"असं कोणाला सांगू नका. माझ्या शिकवण्या बंद होतील."

बायकोने कागद हातातून घेतला, सही-शिक्का तपासला आणि तो कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, "चुकाच करून दाखवायच्या होत्या तर आधी सांगायचं होतं. हिला रोज सकाळी कशाला दमवलं? मी तुम्हाला सोबत यादीच दिली असती."

 इस्त्रीदादांनी उजवा हात खांद्यापर्यंत सावकाश वर नेला, तिथे तो कुरकुरला, आणि आता हातोडी उचलायची नसल्याने त्यांनी तो घाई न करता खाली आणला.