घाटावरची वेळ

शर्यतीच्या शेवटच्या निशाणाजवळच्या सेन्सरचा हिरवा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो. गाडा जुंपला आणि घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीच्या, दोन्ही कडांना मोबाईल वर झाले, की तो अडखळायला लागतो.

बैलगाड्यांची प्रत्येक बारी, म्हणजे एकेका गाड्याची धाव, आता शेकडो लोक मोबाईलवरून थेट दाखवतात. सगळ्यांच्या लहरी एकमेकींत घुसतात आणि गाडा निशाण ओलांडतो नेमका तेव्हाच सेन्सरचा निरोप हरवतो. गेल्या यात्रेत असंच झालं. तेव्हापासून घाट कमिटीचे हौशीराम तात्या अंगठ्याने दाबायच्या हातातल्या घड्याळावरच निकाल देत. मशीनची वेळ धरायची का, असं विचारलं की म्हणत, "बघू." आज पुन्हा वेळ हुकली तर सेन्सर कायमचे उतरवायचे, एवढं मात्र त्यांनी मला बजावलं होतं.

"प्राचे, त्याचा जोर वाढव की," तात्या म्हणाले.

"सगळ्यांनीच जोर वाढवलाय तात्या, म्हणून तर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही."

"मंग हे आमच्या कमिटीच्या बैठकीसारखंच झालं की!"

यंदा मी प्रेक्षकांसाठी फुकट वायफायचे आठ राउटर लावले होते. कोणत्या राउटरने कुठल्या चॅनेलवर, किती जोराने बोलायचं, हे लॅपटॉपवरचं माझं एआय मॉडेल ठरवत होतं. सकाळच्या बाऱ्यांत ते चुकत होतं आणि शिकत होतं.

पिंपळवंडीचा गाडा जुंपला. 'भिर्रर्र'ची आरोळी होऊन गाडा सुटायच्या आतच मॉडेलने निशाणाजवळचा राउटर जवळजवळ गप्प केला आणि तिथले मोबाईल लांबच्या राउटरांवर पाठवले. त्याला थांबवायला माझा हात कीबोर्डकडे गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं. बैल जुंपताना लोक एकेक करून प्रक्षेपण सुरू करतात. त्या वाढत्या गर्दीवरून त्याने बारी सुटणार हे ओळखलं होतं. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं! दिवा एकदाही चुकला नाही. स्क्रीनवर ११.६२ सेकंद उमटले आणि मी ताडकन उभी राहिले.

पुढची, शेवटची बारी तात्यांच्या धाकट्या भावाची, रामदासकाकांची. ११.७१. तात्यांच्या घड्याळात मात्र रामदासकाकाच पुढे.

"भावासाठी अंगठा लवकर दाबला राव!" पिंपळवंडीकर ओरडले.

"आरं, दादा कधी खोटं बोलला न्हाई!" रामदासकाका त्यांच्या अंगावर धावले.

तात्या माझ्या टेबलापाशी आले. "पोरी, दिव्याचा एकबी ठोका सुटला न्हाई?"

"एकही नाही." मी दोन्ही बाऱ्यांचा आलेख त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी त्यावरचे ठोके बोटाने एकेक करून मोजले. मग भावाकडे न बघता माईक हातात घेतला.

"ऐका मंडळी. आजपासनं या घाटात मशीनचीच वेळ धरली जाईल. पिंपळवंडीचा गाडा पहिला."