दुरुस्तीला दिलेलं व्हायोलिन

परदेशात लेकीकडे येऊन चार दिवस झाले तरी व्हायोलिन घरात कुठं दिसेना, तेव्हा बाबांनी विचारलंच. माऊ नळाखाली भांडी विसळत होती. दोनदा विचारावं लागलं.

"दुरुस्तीला दिलंय," ती म्हणाली.

हे बाबांच्या जिव्हारी लागलं. त्यांचा जन्म व्हायोलिनं दुरुस्त करण्यात गेला होता. आणि हे तर माऊ बारा वर्षांची असताना त्यांनी मोडीत निघालेल्या दोन वाद्यांमधून स्वतः जुळवलेलं.

"मी येणार हे माहीत होतं ना तुला? मग परक्याच्या हातात कशाला दिलंस?"

"कार्यक्रम होता बाबा. ऐन वेळी घोडी पडली."

तारांखालची घोडी पडली तर माऊ पाच मिनिटांत परत उभी करते. बाबांनीच शिकवलं होतं. पण ते गप्प बसले. सासरी गेलेल्या मुलीच्या घरी जसं जपून बोलावं, तसं ते इथं एकट्या राहणाऱ्या लेकीशी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि वाद्यांची दुकानं शोधायला बाहेर पडले. परक्या हातानं घोडी कशी बसवली, ते बघायचंच होतं त्यांना.

पहिल्या दुकानात नुसते विजेवर चालणारे पियानो आणि गिटारी. विक्रेत्याला दुरुस्ती म्हणजे काय हेच कळेना. दुसऱ्या दुकानाची पाटी शाबूत होती, आत मात्र चष्मे विकायला ठेवलेले. चष्मेवाला भला होता. त्यानं कागदावर नकाशा काढून दिला. "जुनी वाद्यं ना? मग चढावरच्या बाईंकडे जा."

बाईंच्या दुकानाचं दार उघडताच शिजवलेल्या सरसाचा वास आला आणि बाबांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत नमस्कार-चमत्कार होतायत तोवर त्यांची नजर वरच्या रांगेकडे गेली. तारा सैल करून त्यांचं व्हायोलिन तिथं टांगलेलं होतं. घोडी जागच्या जागी होती, त्यांनी तासलेलीच.

"ते माझ्या हातचं आहे," बाबा म्हणाले. "आत बघा, पेन्सिलीनं सही केलीय."

बाईंनी दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला इवलासा आरसा आत घालून सही बघितली आणि बाबांपुढं स्टूल सरकवलं.

"म्हणजे तुम्ही वडील. ती म्हणाली होती, याला हात लावायचा तो फक्त माझ्या बाबांनी. बरं, कान कसा आहे तिचा? दुसरा तरी ठीक आहे ना?"

बाबांना वाटलं, आपलंच इंग्रजी कच्चं. "कान?"

बाईंचा चेहरा पडला. "मला वाटलं, तुम्ही त्यासाठीच आलात."

मग त्यांनी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. सात महिन्यांपूर्वी माऊचा डावा कान बिघडला. ती वाजवायची तो वाद्यवृंद सुटला, संगीतशाळेतलं शिकवणंही सुटलं. आता ती त्याच संगीतशाळेत स्वरलिपीची पुस्तकं लावण्याचं काम करते. व्हायोलिन घरात नजरेसमोर नको, म्हणून इथं ठेवलंय.

बाबा उतारावरून घराकडे निघाले. रस्त्यानं जाताना ती दर वेळी वळसा घालून आपल्या डाव्या हाताला का येते, हे त्यांना आत्ता उमगलं. आणि आपण कालपासून तिच्यावर घोडीवरून रुसून बसलो होतो.

संध्याकाळी माऊ आली. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "चढावरच्या बाईंकडे जाऊन आलो."

ती बुटांची नाडी सोडता सोडता तशीच बसून राहिली.

"का नाही सांगितलंस?"

"आईला रडू आलं असतं. आणि तुम्ही दुरुस्त करायला निघाला असता." मग म्हणाली, "ऐकू येत नाही असं नाही हो बाबा. ऐकू येतं, पण डाव्या कानात सूर चढा लागतो. एकच सूर, दोन कानांत दोन. तार बरोबर लागलीय की नाही तेच मला कळत नाही. मुलांना काय शिकवू?"

बाबांना राग आला होता, तो कुणावर काढावा हे कळेना. "डॉक्टर काय म्हणतात?"

"गुरुवारी बोलावलंय. चला तुम्ही पण."

गुरुवारी ते गेले. डॉक्टर समजूतदार होत्या, पण हातचं राखून बोलत होत्या. डावा कान सुधारण्याची आशा फारशी नाही. उजवा आज चांगला आहे, पुढचं सांगता येत नाही. बाबांनी तोच प्रश्न तीन प्रकारे विचारून बघितला. उत्तर बदललं नाही.

येताना माऊनंच दुकानाची वाट धरली. बाबांनी तारा लावल्या आणि साधे सरळ सात सूर वाजवले. त्यांना वाजवता असं येत नव्हतंच, तार तपासण्यापुरता हात. माऊ डाव्या कानात बोट घालून ऐकत उभी राहिली. दुसऱ्यांदा ते वर चढायला लागले तशी म्हणाली, "पुरे."

मग ती बाईंना म्हणाली, "कुणी शिकणारं असेल तर वाजवायला द्या हे. टांगून ठेवू नका."

बाबांना ते पटलं नाही. तरी त्यांनी व्हायोलिन बाईंच्या हातात दिलं.

घरी येऊन त्यांनी आईला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"तिच्यावर ओरडलात का?" आईनं विचारलं.

"नाही."

"ओरडू नका. परतीचं तिकीट पुढं ढकला. मी येईपर्यंत तिला सोडून हलायचं नाही."

"ती नको म्हणेल."

"म्हणू दे," आई म्हणाली.

माऊ नको म्हणालीच. सकाळी ती कामावर गेल्यावर बाबा तिकीट बदलायला गेले.