घरापर्यंतचं कव्हर

लेकीकडे जायचं ठरलं तेव्हा तिकिटं, व्हिसा, बॅगा, सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते विम्यापाशी.

त्यांचं फोटोंना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. भिंतीला टेकवलेल्या काचा, कोपऱ्यात लाकडी पट्ट्यांचे भारे, सरसाचा वास. सगळे त्यांना फ्रेमवालेच म्हणत. बायको सरकारी इस्पितळात नर्स होती. निवृत्त झाली तरी गल्लीला ती सिस्टरच होती, आणि कुणाचं बोट कापलं की लोक आधी तिच्या दारात येत. तिला स्वतःला जुना रक्तदाब होता. एकुलती एक मुलगी लग्न करून दूर देशात गेलेली. तिच्या तिथल्या मुक्कामाचे कागद कुठल्याशा कचेरीत अडकले होते. ते हातात पडायच्या आत तिने देश सोडला असता तर तिला पुन्हा आत घेतलं नसतं. त्यामुळे नात बसायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली, ते सगळं या दोघांनी फोनवरच पाहिलं.

शेवटी सिस्टर म्हणाली, तिला येता येत नाही ना, मग आपण जाऊ. हातपाय चालतात तोवर.

सिस्टरचा भाचा विमा कंपनीच्या शाखेत होता. त्याने दोघांना समोर बसवून नीट समजावलं. परदेशात मोठं आजारपण आलं तर दोन तऱ्हा असतात. एका पॉलिसीत कंपनी पेशंटला जवळच्या चांगल्या दवाखान्यात पोचवते आणि पुढचे उपचार तिथेच होतात. दुसरीत, पेशंट प्रवासाला तयार झाला की त्याला स्ट्रेचरवरून, सोबत डॉक्टर देऊन, खास विमानाने थेट आपल्या गावच्या इस्पितळात आणून सोडतात. मात्र या दुसरीत एक मेख होती. कंपनीने न्यायची तयारी केली आणि आपण नको म्हटलं, तर तिथला पुढचा खर्च आपला.

फ्रेमवाल्यांना दुसरी आवडली. सिस्टरला पहिली बरी वाटत होती. अशी ने-आण तिने जन्मभर पाहिली होती.

"हलवाहलवीत पेशंटचे हाल होतात आणि नातेवाइकांचं समाधान होतं," ती म्हणाली. "मी पडलेच तर लेकीच्या गावात पडेन. उशाशी लेक असेल. इथे कोण आहे? हे आणि यांच्या काचा."

भाचा हसला. फ्रेमवालेही हसले, पण निर्णय उद्यावर टाकून उठले.

 परत येताना चालता चालता ते म्हणाले की तिथे आपल्याला प्यायला पाणीसुद्धा मागता येणार नाही. जावई ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर असतो, लेक हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर राबते. तुला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? इथे निदान कुठे जायचं, कुणाला हाक मारायची ते ठाऊक आहे.

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने भीती वाटते असं कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

"घ्या मग दुसरी," ती म्हणाली. "मला काही होत नाही. आणि झालंच तर मला कुठे कळणार आहे?"

त्यांनी दुसरी घेतली.

लेकीचं घर म्हणजे एका उंच इमारतीतल्या दोन खोल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसत. पण सिस्टर तिथे रमली. लेक कामाला गेली की नात तिच्या मागे मागे फिरायची. आजी तिला बाहुलीला बँडेज बांधायला शिकवायची. थोड्याच दिवसांत घरातली एकही बाहुली धडधाकट राहिली नाही. संध्याकाळी लेक दमून आली की आईच्या मांडीवर डोकं टेकवून पडायची आणि सिस्टर तिच्या केसांतून हात फिरवत बसायची. फ्रेमवाल्यांना करायला काही नव्हतं. ते कपाटांची करकरणारी दारं दुरुस्त करायचे आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचे. ती इतकी निवांत त्यांनी कधी पाहिली नव्हती.

एका सकाळी नातीचे केस विंचरताना सिस्टरच्या हातातून कंगवा पडला. तो उचलायला ती वाकली ती कलंडलीच. लेक कामावर निघायच्या बेतात होती म्हणून ॲम्ब्युलन्स लवकर आली.

झटका मोठा होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही. काही दिवसांनी तिने डोळे नीट उघडले, माणसं ओळखली, डाव्या हाताने पाणी मागितलं. पण बोलायला गेली की तोंडातून एकच शब्द यायचा, "बरं." दुखतंय का विचारलं तर बरं. दुखत नाही ना, तरी बरं. तिथल्या डॉक्टरांनी लेकीमार्फत सांगितलं की तिला समजतं पुष्कळ, पण किती ते सांगणं कठीण. जे मनात असेल ते तोंडावर येत नाही.

लेकीने सुट्टी काढली. ती आईला भरवायची, कूस बदलायची, डावा हात हातात घेऊन बसायची. फ्रेमवाले भिंतीशी खुर्चीत बसायचे. नर्स येऊन काही विचारायच्या, ते लेकीकडे बघायचे. लेक खाली औषधं आणायला गेली आणि कुणी आत आलं, की ते उठून उभे राहायचे आणि उगाच मान हलवायचे.

मग कंपनीचा फोन आला. माणूस त्यांच्याच भाषेत, अगदी आदराने बोलला. पेशंटची तब्येत आता प्रवासाला ठीक आहे, विमानाची व्यवस्था झाली आहे, गावच्या इस्पितळात खाट राखून ठेवली आहे. संध्याकाळपर्यंत होकार कळवा.

लेकीने त्यांना खोलीबाहेर नेलं.

"बाबा, आईला इथेच राहू द्या. मी नोकरी सोडते."

"नोकरी सोडलीस तर तुझ्या कागदांचं काय?"

 तो सगळा डोलारा नोकरीवरच उभा होता. तरी ती म्हणाली, काहीतरी करू, यांच्याशी बोलते, कर्ज काढू. फ्रेमवाले म्हणाले की काहीतरी करू म्हणून दवाखाना चालत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांना त्याचा फार आधार वाटला. पण पैशाची बाजू नसती तरी आपण हेच म्हटलं असतं, हे त्यांना आतून कळत होतं. त्यांना त्या खुर्चीतून सुटायचं होतं. जिथे कुणी काही विचारलं तर उत्तर देता येईल अशा जागी त्यांना परत जायचं होतं.

"आईला विचारू," लेक म्हणाली.

दोघं खाटेपाशी आले. लेकीने वाकून विचारलं, आई, इथे माझ्याजवळ राहायचं?

"बरं," सिस्टर म्हणाली.

फ्रेमवाल्यांनी विचारलं, घरी जायचं का आपल्या?

"बरं."

लेकीने तोंड फिरवलं. फ्रेमवाल्यांनी संध्याकाळी होकार कळवला.

कंपनीने आपला शब्द तंतोतंत पाळला. विमानात डॉक्टर होता, नर्स होती, उतरल्यावर गाडी उभी होती. भाचा इस्पितळाच्या दारात वाट बघत थांबला होता. असं सगळं सुरळीत व्हायला नशीब लागतं, तो म्हणाला. हे तिचंच जुनं इस्पितळ होतं, पण तिच्या बरोबरीच्या सगळ्याजणी केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. नव्या मुली तिला आजी म्हणायच्या.

महिन्याभराने तिला घरी आणलं. दिवसा एक बाई यायची, बाकी फ्रेमवालेच करायचे. त्यांचा हात काचेला सरावलेला, माणसाला नव्हे. कूस बदलताना तिच्या कपाळावर आठी यायची. लेक रोज फोनवर दिसायची. सुरुवातीला सिस्टर फोनवर डावा हात फिरवायची, काचेमागे काहीतरी हाताला लागेल तशी. मग रडायला लागली. पुढे पुढे फोन समोर धरला की मान भिंतीकडे वळवायची. लेक तिकडून हाका मारत राहायची आणि फ्रेमवाले फोन धरून उभे राहायचे. आज आईला झोप लागली आहे, असं सांगायला ते शिकले.

दुसरा झटका हिवाळ्यात आला. त्यात ती गेली. लेकीचे कागद तेव्हाही आले नव्हते.

ते आले त्यानंतर वर्षाने. लेक नातीला घेऊन आली. तिने बापाला एका शब्दाने दुखावलं नाही. स्वयंपाकघर घासून काढलं, आईच्या साड्या शेजारणींना वाटल्या, नातीला आजीची खाट दाखवली. तुम्ही तिकडे चला असंही म्हणाली. तिला तिथे पुरून उरतील एवढी कामं आहेत हे ओळखून फ्रेमवाले नको म्हणाले, आणि तिने दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.

परत जाताना विमानतळावर, नात बॅगेवर बसलेली असताना, तिने विचारलं.

"बाबा, आईला खोलीतून बाहेर काढत होते ना, तेव्हा तिने माझी ओढणी धरली होती. इतकी घट्ट की नर्सला एकेक बोट सोडवावं लागलं. तुम्ही पाहिलं होतंत?"

फ्रेमवाले स्ट्रेचरच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांनी पहिलं बोट सुटताना पाहिलं होतं आणि शेवटचंही. तेव्हा एक शब्द उच्चारला असता तर सगळं थांबलं असतं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "मी त्या डॉक्टरशी बोलत होतो."

ते कुठल्या भाषेत, असं तिने विचारलं नाही. तिने मान हलवली, नातीला खाली उतरवलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. ती आत जाईपर्यंत फ्रेमवाले थांबले. नातीने वळून हात हलवला. लेकीच्या दोन्ही हातांत सामान होतं.