न उचललेलं ध्रुपद

सिद्रामप्पाला कीर्तनाचं वेड इतकं, की दुकानात डाळ तोलताना त्याचं बोट तराजूच्या दांडीवर ताल धरायचं. वेशीजवळच्या लहान मठात दर सोमवारी संध्याकाळी शिवयोगी महाराजांचं कीर्तन असायचं आणि महाराजांच्या मागं टाळकऱ्यांच्या रांगेत पहिला उभा असायचा तो सिद्रामप्पा. महाराजांनी ध्रुपदाची ओळ टाकावी, यानं ती वरच्यावर झेलावी आणि मग अख्ख्या मठानं म्हणावी. "माणूस चुकंल, कीर्तन चुकत न्हाय," असं तो म्हणायचा, आणि अगदी पोटातून म्हणायचा.

तिथंच तो फसला.

त्याची लेक महानंदा कॉलेजात होती. दुष्काळाच्या वर्षी विद्यार्थ्यांनी मोडनिंबच्या बाजूला श्रमदान केलं, तेव्हा हातांना फोड आले तरी ती पाट्या वाहायची थांबली नव्हती. आता कॉलेजच्या सेवा योजनेची तुकडी नेपाळला निघाली होती. डोंगरातल्या एका गावाला झऱ्याचं पाणी आणायचं, त्यासाठी चर खणायची, नळ टाकायचे. महानंदाची निवड झाली, आणि सिद्रामप्पानं गल्लीत पेढे वाटले.

पेढा खाऊन त्याचा थोरला भाऊ ईरप्पा दुकानात येऊन बसला. तो मठाचा पंच.

"परदेशात? पोरांच्या घोळक्यात? अरं, लगीन व्हायचंय की तिचं!"

"अण्णा, नेपाळ हाय ते. पशुपतिनाथाचा मुलूख."

"मग यात्रेला जाती म्हणून सांग लोकांना. मी स्वतः नारळ फोडतो."

महानंदा बापाचा डबा घेऊन आली होती. डबा ठेवता ठेवता ती म्हणाली, "यात्रेला कुटं जाती मी, काका? माती उपसायला जाती. देवाच्या नावानं खोटं कशाला बोलू?"

"बघ, बघ! ही जीभ घेऊन सासरी नांदणार ही!" ईरप्पा उठला. "बरं, मी कोण बोलणारा? सोमवारी महाराजांना ह्याच विषयावर कीर्तन करायला सांगतो. कीर्तनात येईल ते मानशील का न्हाय?"

"मानीन की! त्यात काय विचारायचं?" सिद्रामप्पा म्हणाला.

काका गेल्यावर महानंदा बापाकडं वळली. "अप्पा, माझं जाणं तुम्ही त्यांच्या पदरात टाकलंत."

"देवाच्या पदरात टाकलंय, पोरी."

सोमवारी दुपारपासून ईरप्पा महाराजांच्या खोलीत बसून होता. संध्याकाळी मठात पाय टाकताना सिद्रामप्पाला तो तिथून बाहेर येताना दिसला. मिशीला पीळ देत, पोटभर जेवलेल्या माणसासारखा. सिद्रामप्पा दारातच थबकला. पण मृदंगवाल्या गुंडाची थाप पडली आणि सवयीनं त्याचे हात टाळांकडं गेले.

महाराजांनी डोळे मिटले, हात वर केला आणि ओळ टाकली,

"लेकीची काशी उंबऱ्याच्या आत."

चाल इतकी गोड, की क्षणभर सिद्रामप्पा विरघळला. शब्द जिभेवर आलेच होते. बायकांच्या बाजूला त्याची बायको गुरम्मा पदर तोंडाशी धरून बसली होती. शेजारी महानंदा. तिनं मान खाली घातली नव्हती. ती सरळ बापाकडं बघत होती.

सिद्रामप्पानं ओठ मिटले.

महाराज उचलीची वाट बघत थांबले. मागून काहीच आलं नाही. बाकीचे टाळकरी सिद्रामप्पाच्या तोंडाकडं बघत राहिले, कारण पहिल्यानं उचलल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, अशी मठाची शिस्त. महाराजांनी ओळ पुन्हा टाकली, अजून वरच्या पट्टीत. मृदंग एकटाच वाजत राहिला.

"सिद्रामा, उचल की रं!" ईरप्पा खांबाजवळून खेकसला.

"बेडा," सिद्रामप्पा म्हणाला. घरात कानडी, बाहेर मराठी, हा त्याचा आजवरचा रिवाज. पण 'नको' म्हणायला त्या घडीला घरचाच शब्द आला, आणि तोही खणखणीत.

ईरप्पानं शेजारच्याचे टाळ ओढून घेतले आणि स्वतःच गायला लागला. गळा त्याचा असा, की काशी एकीकडं गेली आणि उंबरा दुसरीकडं. बायकांत मल्लव्वा म्हातारी फसकन हसली. "अगं बाई, ह्या काशीला बैलसुद्धा जायचा न्हाय!" मग सगळीच बाजू हसली. गुंडानंही मृदंगावरचे हात उचलले.

महाराज वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याच्यामागं काहीतरी शरमिंदंही होतं. "सिद्रामा, गळा धरलाय का?"

"गळा ठणठणीत हाय, महाराज. तुमची ओळ आजवर कधी खाली पडू दिली न्हाय मी. पण ही तुमची न्हाय. ही दुपारी कुणीतरी आणून दिलेली हाय."



"शब्द दिला होतास!" ईरप्पा ओरडला. "कीर्तनात येईल ते मानीन म्हणालास!"

"व्हय, म्हणालो. पण आपल्या मठात ध्रुपद कधी होतं, अण्णा? टाळकऱ्यांनी उचललं की होतं. तवर ती एका माणसाची ओळ. इचार महाराजांना."

सगळ्यांच्या नजरा महाराजांकडं गेल्या. ते काही वेळ वीणेची तार चाचपत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "रीत तशीच हाय. न उचललेलं ध्रुपद कीर्तनात धरत न्हाईत." आणि त्यांनी तो अभंग सोडून दुसराच धरला.

कीर्तन संपल्यावर सिद्रामप्पा चपला शोधत होता, तेव्हा ईरप्पानं त्याला दारातच गाठलं. "पुढच्या सोमवारपासून टाळाला हात लावायचा न्हाय. पंच म्हणून सांगतो."

सोमवार म्हणजे सिद्रामप्पाचा आठवडाभराचा श्वास. पण तो म्हणाला, "बरं. खाली बसून ऐकीन. ऐकायला तर कुणाची परवानगी लागत न्हाय?"

"आन् असली परदेश फिरून आलेली पोरगी कोण करून घेईल?"

"काका," महानंदा चपलेचा पट्टा ओढत म्हणाली, "आधी मला जाऊ तर द्या की."

"तू जाणार," सिद्रामप्पा म्हणाला. गल्लीतल्या खिडक्यांत माणसं होती, म्हणून त्यानं आवाज मुद्दाम चढवला. "आन् पुढच्या वर्षी तुकडी निघाली, तर पुन्हा जाणार!"