समोरच्या दवाखान्यातले वाचक

आत्यांना समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झाल्यापासून जिकडे बघावं तिथेच नेमकं धुकं, आणि कडेचं तेवढं शाबूत. म्हणून कुणाशी बोलताना त्या मान तिरकी करून त्याच्या खांद्यापलीकडे बघत, आणि नवख्या माणसाला वाटे, बाईंना आपला संशय येतोय. धाकट्या भावाची मुलं त्यांना आत्या म्हणायची, म्हणून सगळी बिल्डिंगच आत्या म्हणायची.

पंप, शिलाई मशीन असल्या यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर हे त्यांचं काम. डोळे रुसले तरी ते सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी टेबल भरून जाईल एवढा मॉनिटर आणला आणि कॉम्प्युटरवर ओपन सोर्स सिस्टीम स्वतःच्या हातानं चढवली. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही आत डोकावून दुरुस्त करावी अशी. तिच्यात अक्षरं फुगवणारं भिंग होतं आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाजही. भावाला ते काही पटेना. फुकट देतात म्हणजे त्यात गोम असणार, असं त्याचं म्हणणं. भिंगाच्या मेनूतले मराठी शब्द आपणच करून पाठवलेत, हे आत्यांनी त्याला अभिमानानं दाखवलं, तर तो म्हणाला, म्हणजे तुलाही फुकट राबवून घेतलं.

तोंडावर उजेड आला की आत्यांना काहीच दिसत नसे. त्यामुळे त्या खिडकीकडे पाठ करून बसत. मॉनिटरच्या काळ्या पडद्यावर पिवळं जर्द अक्षर, एकेक तळहाताएवढं. पंपांचा कंटाळा आला की दुपारच्या वेळी त्या एक रहस्यकथा लिहीत. लॉजच्या मालकाचा खून झालेला आणि बिचारा मॅनेजर त्यात अडकत चाललेला.

एका दुपारी दार वाजलं. दारात एक गृहस्थ उभे होते. आत्यांना दिसले ते दोन कान, आणि त्यातल्या एकाखाली टम्म फुगलेला गाल.

"म्यानेवलला फाफी देऊ नका," गृहस्थ म्हणाले.

आत्यांनी पार्सल कुणाच्या नावाचं आहे ते विचारलं. गृहस्थांनी तोंडातून कापसाचा बोळा काढला, खिशात ठेवला आणि शब्द सांभाळत म्हणाले, "मॅनेजरला फाशी देऊ नका. खून दूधवाल्यानं केलाय. आमच्यातल्या बऱ्याच जणांना तसंच वाटतं."

"आमच्यातल्या म्हणजे?" आत्यांनी विचारलं.

मग सगळा उलगडा झाला. गल्ली अरुंद, आणि खिडकीच्या बरोबर समोर दातांच्या डॉक्टरांची वेटिंग रूम. तिथल्या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडलेल्या. आपला नंबर येईपर्यंत पेशंट आत्यांच्या खांद्यावरून कादंबरी वाचत, आणि मागचं हुकलेल्याला शेजारचा कुजबुजत सांगे. एक बाई तर दात काढून झाल्यावरही पुढचं प्रकरण कळावं म्हणून दाढ दुखतेय म्हणत येत होत्या.

गृहस्थ गेले आणि आत्या मॉनिटर बंद करायला धावल्या. त्याच पडद्यावर त्या मैत्रिणीला ईमेल लिहीत. मागे एकदा याच डॉक्टरांना दात दाखवून आल्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'हा दातांचा डॉक्टर नाही, बोअरिंग मारणारा आहे. थोडं अजून खणलं असतं तर पाणी लागलं असतं.' तळहाताएवढ्या अक्षरांत.

भावाला हे कळलं तेव्हा त्याला कोण आनंद झाला. "मी सांगतच होतो, ताई," कवळी सावरत तो म्हणाला. "ओपन सोर्स म्हणजे सगळं उघडंच असणार." यात सिस्टीमचा दोष नाही, खिडकीचा आहे, हे आत्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

आत्यांनी खिडकीला जाड पडदा लावला आणि भिंगाच्या हौशी कर्त्यांना लिहिलं, की मॉनिटर काळा व्हावा पण आवाज वाचत राहावा, अशी एखादी कळ देता येईल का. त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं. त्याची नजर आत्यांपेक्षाही अधू होती. अशी कळ कशाला हवी, असं त्यानं विचारलं, तेव्हा आत्यांनी सगळी हकिगत कळवून टाकली. त्यानं पोटभर हसून कळ बनवून पाठवली. ती दाबताच मॉनिटरही काळा झाला आणि आवाजही गप्प. उरलीसुरली नजरही गेली की काय म्हणून आत्यांनी भावाला हाक मारली, आणि त्यानं मॉनिटरचा दिवा चालू आहे म्हटल्यावर त्या आणखीच घाबरल्या. त्या हौशी कर्त्यानं सुधारून पाठवलेली कळ मात्र नीट चालली. सोबत एक ओळ होती: मॅनेजर सुटतो ना?

अशात डॉक्टरच दारात येऊन उभे राहिले. आत्यांनी त्यांना आवाजावरून ओळखलं. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, पण डॉक्टरांना घाई होती.

"आत्या, तेवढा पडदा काढा," ते म्हणाले. "वाचायला काही नसलं की लोकांना मशीनचा आवाज ऐकू येतो. काल दोघं उठून गेले, एक तर अर्धा दात भरून."

"आणि ते बोअरिंगचं?" आत्यांनी भीत भीत विचारलं.

"वाचलं. पेशंटनं मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हापासून हात जरा हलका ठेवतो."

आत्यांना हसू आवरेना, मग डॉक्टरही हसले. पडदा निघाला. ईमेल उघडायची वेळ आली की आत्या नवी कळ दाबत आणि कानात हेडफोन घालून ऐकत. कादंबरी मात्र उघड्यावर लिहीत. अडलं की मागे वळून, उजेडाला हाताचा आडोसा धरून बघत. चेहरे दिसत नसत, पण पलीकडच्या कानांची रांग पुढे झुकलेली असली की प्रकरण जमलंय, हे त्यांना समजे.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी वेटिंग रूम खचाखच भरली. खरोखर कुणाचा दात दुखतोय, असं डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं. मॅनेजर निर्दोष सुटला आणि पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. डॉक्टरांनी नंतर आत्यांना सांगितलं, की पहिल्या खुर्चीवर सकाळपासून आत्यांचाच भाऊ बसला होता, आणि कवळीला कीड लागते का, असं कंपाउंडरला विचारत होता.