आसगेर्दची विरजणकाठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. टेकायची नव्हे आणि मारायची तर मुळीच नव्हे. मी विरजणाची काठी. तुमच्या घरी दुधाला विरजण लागते, तसे आमच्याकडे, उत्तरेच्या थंड मुलखात, जवाच्या बिअरला लागते, आणि ते माझ्या अंगावर राहते.

ओनुंदने लग्नाच्या वर्षी फ्योर्डवरच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीवरच्या, उतारावरून बर्च झाडाची फांदी तोडली, साल काढली आणि नव्या नवरीसाठी, आसगेर्दसाठी, मला घडवले. सुरीचे टोक खोल घालून त्याने माझ्यावर दोन रून-अक्षरे कोरली. एक 'नौद', म्हणजे नड. दुसरे 'आर', म्हणजे सुगी. दोन्हींची उभी रेघ सारखीच. तिच्यावरची छोटी रेघ एकीकडे कलली की नड, दुसरीकडे कलली की सुगी.

"वर्षावर्षांत एवढाच फरक असतो बघ," तो म्हणाला.

"मग सुगीचं जरा मोठं कोरायचं होतंत," आसगेर्द म्हणाली.

बिअर फसफसू लागली की आसगेर्द मला पिंपातल्या फेसात बुडवी आणि चुलीवरच्या आढ्याला टांगी. फेसाचा थर वाळून काळपट होई. त्यात असंख्य बारीक जीव झोपत. हिवाळा आला की आमच्या डोंगराआड सूर्य जातो, तो कित्येक दिवस वर येतच नाही. मग त्या जिवांची चुळबूळ सुरू होई आणि मला टांगल्या जागी चैन पडत नसे. सगळ्या घराचेच तसे होई. कुत्री विनाकारण भुंकत. ओनुंद उगाच दाराशी जाऊन आभाळ बघून येई. यूलच्या, म्हणजे ऐन हिवाळ्यातल्या सणाच्या, दिवशी देवांच्या नावाने पेला उचलून 'सुगीसाठी आणि शांतीसाठी' म्हटले, की कुठे सगळ्यांच्या जिवात जीव येई. पेलाच रिकामा राहिला, तर पुढचे वर्ष मागायचे कसे?

पाहुणे बिअरची तारीफ करीत. आसगेर्द माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "सगळं तिचं आहे हो!" मी मनातून फुलून जाई.

मग मुलाचे लग्न होऊन घरात सून आली. दाग्नी तिचे नाव. दूर किनाऱ्यावरची पोर, कामाला वाघीण, पण आवाज इतका हळू की बकऱ्याही तिचे ऐकत नसत. तिच्या माहेरी विरजण मडक्यात ठेवीत. यूल जवळ आला तशी तिने बाके घासली, भांडी घासली, आणि शेवटी तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला ओढ्यावर नेले आणि थंडगार पाण्यात, मूठ मूठ वाळू घेऊन, खसाखसा घासले. मित्रांनो, मला ओरडावेसे वाटत होते. तिने मला स्वच्छ करून, मायेने पुसून पुन्हा आढ्याला टांगले.

पिंपात जवाचे गोड पाणी तयार झाले, तेव्हा आसगेर्दने वर हात घातला आणि तो तसाच थांबला.

"हिला कुणी न्हाऊ घातलं?"

"मी, सासूबाई. किती मळ बसला होता हिच्यावर!"

आसगेर्द पालथ्या बादलीवर मटकन बसली. "मळ नव्हता गं तो. आपला यूल होता."

मग ओनुंद म्हणाला, "पाणी भरू पेल्यात. ओडिनला एकच डोळा, त्याला कुठं कळतंय!"

"अहो, जीभ आवरा! सणाच्या तोंडावर देवाची चेष्टा सुचते तुम्हाला!"

दाग्नीचा चेहरा उतरला. "शेजारून मागून आणू का?"

"यूल आला की विस्तव आणि विरजण कुणी उंबऱ्याबाहेर देत नाही, पोरी. वर गावभर होईल, की ओनुंदची सून पांढऱ्या पायाची निघाली."

दाग्नीने मला मांडीवर घेतले. ती माझ्यावरून बोटे फिरवू लागली, जणू घासून काढलेले परत चिकटणार होते. एकाएकी ती थांबली.

"सासूबाई, अक्षरांत काळं राहिलंय. तिथं वाळू पोचली नाही."

"नख लावू नकोस!" आसगेर्द किंचाळली. तिने मला नाकाशी धरून वास घेतला. "आंबूस आहे. पण एवढ्यानं पिंप काय उठणार? वाटीभर पाण्यात बघू."

त्यांनी मला कोमट गोड पाण्याच्या लाकडी वाडग्यात उभे केले, लोकरीत गुंडाळले आणि चुलीशी ठेवले. एक दिवस गेला. काही नाही. दाग्नी जेवली नाही. येता-जाता लोकर उचलून बघे. मीही आतून चाचपडत होते. कुणी आहे का रे? जागे व्हा रे! दुसऱ्या दिवशीही पाणी निपचित पडलेले. आसगेर्दने पाहुण्यांना काय सांगायचे ते मनाशी जुळवायला घेतले.

आणि मग 'आर'च्या खाचेतून एक बुडबुडा वर आला. त्यामागून दुसरा. संध्याकाळपर्यंत वाडगा फेसाने भरला.

वाडगा पिंपात ओतताना ओरडायचे असते. जितके जोरात ओरडाल तितकी बिअर जोमाची.

"तूच ओरड," आसगेर्द म्हणाली.

दाग्नी अशी ओरडली, मित्रांनो, की गोठ्यातल्या गाई उभ्या राहिल्या आणि ओनुंदच्या हातातला डाव पडला.

"अरे बापरे, ही आमच्याच घरातली का?" तो म्हणाला.

यूलला पेले भरले. पाहुण्यांनी नेहमीसारखी तारीफ केली. आसगेर्दने या वेळी माझ्याकडे बोट दाखवले नाही. ती म्हणाली, "चूक माझीच होती. आढ्याला काय टांगलंय, ते मी या पोरीला कधी सांगितलंच नाही." त्या दिवसापासून तिने दाग्नीला शेजारी उभे करून सगळे सांगायला सुरुवात केली.

आता आसगेर्द नाही. मी मधोमध चिरले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला घासण्याआधी विचारा. आणि ज्यांना माहीत आहे, त्यांनी कुणी विचारायची वाट बघू नका. ओढ्यावर मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.